तेरेखोलच्या काठावरची एक रात्र, १९७८



मागच्या महिन्यात माझा नातू पुण्याहून एका मित्राला घेऊन हरमलला आला. येताना म्हापशाहून भाड्याची थार घेतली. मागे तंबू, गॅसची शेगडी, बर्फाचा डबा, घडीच्या खुर्च्या. म्हणाला, "आजोबा, आम्ही नदीकाठी कॅम्पिंगला चाललो. तुम्ही कधी केलंय असं?"

मी म्हटलं, केलंय. एकदाच. १९७८ साली. गाडी फोर व्हीलच होती आणि सोबत एकच दोस्त होता.

त्याला खरं वाटेना. मग त्याला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो. कारण त्या रात्रीत आमच्या घरची एक गोष्ट गुंतलेली आहे, आणि पेडण्यातल्या पुष्कळ घरांत तशी एखादी असणार.

आधी थोडं आमच्या मुलखाविषयी, बाहेरच्यांना कळावं म्हणून. पेडणे तालुका दोन नद्यांच्या मध्ये आहे. दक्षिणेला शापोरा, उत्तरेला तेरेखोल. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादी. आमचं पेडणं सावंतवाडीकरांचं होतं, ते १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं, म्हणून आम्ही नव्या काबिजादीतले. तेरेखोलचा किल्लाही मूळ सावंतवाडीकरांचाच. तो १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. म्हणून तेरेखोल हे गाव नदीच्या पलीकडे असूनही आजपर्यंत गोव्यात आहे.

राज्य बदललं तरी सोयरिकी बदलल्या नाहीत. आमच्या मुली आरोंदा, रेडी, शिरोडा, सातार्डा इकडे जायच्या आणि तिकडच्या आमच्याकडे यायच्या. किरणपाण्याला होडीत बसलं की समोर आरोंदा. लग्नाचं वऱ्हाड होडीतून, बारशाचे लाडू होडीतून. नदीला कोणी हद्द म्हणत नसे. ती मधली पाणंद, एवढंच. माझी सख्खी आत्या, बाबांची धाकटी बहीण, अशीच आरोंद्याला दिलेली.

आमच्या घरात मात्र तिचं नाव निघत नसे. मी लहान असताना आजोबा वारले, १९५६ च्या मार्गशीर्षात. आत्या बापाच्या शेवटच्या दर्शनाला आली नाही, बाराव्याला आली नाही, तेराव्यालाही नाही. मी तेव्हा पाच वर्षांचा. मला एवढंच आठवतं की बाबा अंगणाच्या पेळेवर उभे राहून वाटेकडे बघत होते. गोवा मुक्त झाल्यावर, १९६२ च्या सुरुवातीला, ती एकदा आली. बाबांनी पायरीवरच विचारलं, "बाप मेला तेव्हा कुठे होतीस?" ती तशीच मागे फिरली. पाणीसुद्धा प्यायली नाही. त्यानंतर सोळा वर्षं येणं-जाणं बंद.

आता जीपविषयी. मी जीप पहिल्यांदा पाहिली ती मुक्तीनंतर. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर काही दिवसांनी बाबा मला पेडण्याच्या बाजारात घेऊन गेले. तिथे भारतीय सैन्याची जीप उभी होती. दारं नाहीत, काच पुढे पाडलेली. एका जवानाने मला उचलून आत बसवलं. दहा वर्षांच्या पोराला आणखी काय पाहिजे? ही जात मूळची दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकन सैन्यासाठी विलीज कंपनीने बनवलेली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी तिची जुळणी सुरू केली. गोव्यात ती सैन्यापाठोपाठ सरकारी खात्यांत आणि खाणींवर पसरली. डिचोली, सांखळीच्या खाणींवर तांबड्या धुळीने माखलेल्या जीपा आमच्या पिढीने खूप पाहिल्या.

माझा दोस्त तिथेच मेकॅनिक होता. हरमलचाच, इगर्जीजवळच्या वाड्यावरचा, शाळेपासूनचा. त्याचं नाव लिहू नये अशी त्याच्या घरच्यांची इच्छा आहे, म्हणून नुसता दोस्त म्हणतो. एका कंत्राटदाराने भंगारात काढलेली जीप त्याने घेतली आणि वर्षभर खपून चालती केली. गिअरच्या मुख्य दांड्याशेजारी दोन आखूड दांडे होते. एकाने पुढची चाकं जोडायची, दुसऱ्याने गाडी 'लो'मध्ये टाकायची. म्हणजे वेग मरतो, ओढ वाढते. मला तो हे दहा वेळा समजावायचा. मी वाणिज्य शाखेचा, पणजीला बी.कॉम. केलेला. तेव्हा गोवा विद्यापीठ नव्हतं, पदवी मुंबईची मिळायची. मला घसारा किती टक्के लावायचा एवढं कळे, गिअरबॉक्स नाही.

त्या वर्षी मी तालुक्यातल्याच एका शाखेत अधिकारी होतो. १९६९ मध्ये बँका राष्ट्रीयीकृत झाल्यापासून खेड्यांत शाखा निघत होत्या, कर्जं गावापर्यंत न्यायची होती. नारळ, काजू, होडीला मशीन, म्हशी. दोस्ताच्या जीपने मी दोनचारदा वसुलीला फिरलो होतो. लोक जीप बघून घाबरायचे, पोलीस आले असं वाटायचं त्यांना.

तर एप्रिलचा शनिवार. बँक अर्धा दिवस. दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती आणि रविवार. दोस्त म्हणाला, "बँकवाल्या, आज रात्री नदीर न्हिदपाक वचूया." हरमलला तेव्हा गोड्या पाण्याच्या तळीपाशी हिप्पी लोक उघड्यावर राहायचे. ते राहतात तर आपण का नको, असा त्याचा सवाल. घरी आई म्हणाली, घर असताना बाहेर कशाला निजायचं? उत्तर आमच्याजवळ नव्हतं. दोन चटया, एक ताडपत्री, कंदील, तांदूळ, पातेलं, सुके बांगडे आणि काजूच्या भाटीवरून आणलेली हुर्राकची बाटली घेऊन निघालो. पालयेवरून तांबड्या रस्त्याने किरणपाण्याच्या अलीकडे पोचलो तेव्हा पाच वाजले असतील.

ओहोटी पूर्ण लागलेली होती. काठाला मोठं रेताड मैदान उघडं पडलेलं. वर कडक, चालून बघितलं तर पाय रुतत नव्हता. दोस्ताने पुढची चाकं जोडली आणि जीप थेट पाण्याच्या जवळ नेऊन लावली. ताडपत्री जीपला बांधून तिरकी खाली सोडली, झाला आमचा तंबू. भात केला, बांगडे भाजले. समोर आरोंद्याचे दिवे एकेक लागत होते. नदीत कोणी पागेर टाकत होतं, त्याचा पाण्यावर पडल्याचा आवाज येत होता. चंद्र वर आला. इतकं सुख मला पुढे ऑफिसच्या खर्चाने चांगल्या हॉटेलांत राहूनसुद्धा मिळालं नाही.

नऊच्या पुढे मला चटई ओली लागली.

उठून बघतो तर पाणी जीपच्या मागच्या चाकाला भिडलेलं. दोस्ताने गाडी सुरू केली, 'लो'मध्ये टाकली. चारही चाकं फिरली आणि चारही चाकं खाली गेली. वर चार बोटं रेव होती आणि खाली काळा चिखल. तो जितकं ॲक्सिलेटर दाबी तितकी जीप खाली बसे. मी मागून ढकलत होतो, गुडघाभर पाण्यात. वर्षभराची त्याची मेहनत होती ती. शेवटी तो इंजिन बंद करून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला.

तेवढ्यात पाण्यावरून आवाज आला.

"कोण रे तो? गाडी हांगा कित्याक दवरल्या? आज पुनव, खबर ना?"

तो मघाचा पागेरवाला. म्हातारा, कमरेला काष्टी, डोक्याला टॉवेल. होडी लावून खाली उतरला. मी म्हटलं, मामा, भरती इतक्या लवकर येईल असं वाटलं नाही. तो हसला. "बँकेंत आसा मरे तूं? तिथीक पावणपट कर. चवदा तिथ, साडेधा. पुनव, सव्वा इकरा. हांगा पावसर आनीक अर्दें वर."

हा हिशेब मी तोपर्यंत ऐकला नव्हता. तिथीला पाऊण पटीने गुणायचं, येईल ती भरती भरायची वेळ. चौदा गुणिले पाऊण, साडेदहा. पंधरा गुणिले पाऊण, सव्वा अकरा. भरतीची वेळ चंद्राबरोबर रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्याचंच हे गणित. पुनवेला आणि अवसेला भरती सर्वांत मोठी. म्हणजे आम्ही महिन्यातल्या सर्वांत मोठ्या ओहोटीला खाली उतरलो होतो आणि सर्वांत मोठ्या भरतीची वाट बघत भात शिजवला होता.

मामाने वेळ घालवला नाही. दोस्ताला चाकांतली हवा अर्धी काढायला लावली. मला घेऊन वरच्या माडांखालून चुडतां गोळा केली आणि चाकांपुढे चिखलात आडवी दाबून बसवली. हाक मारून वाड्यावरचे सहा-सात जण बोलावले. काथ्याचा जाड दोर जीपच्या पुढच्या आकड्याला बांधला. "जोर करूं नाका, सवकास," असं तो दोस्ताला सांगत राहिला. 'लो'मध्ये, अगदी मुंगीच्या पावलाने, चुडतांवर चाकं चढली आणि जीप वर आली. तोपर्यंत पाणी हबच्या वर होतं. दहा मिनिटं उशीर झाला असता तर इंजिनात खारं पाणी जाऊन सगळं संपलं असतं.

मग सगळे बांधावर बसलो. हुर्राकची बाटली सात-आठ जणांत फिरली. माणसं गेली, मामा थांबला. चंद्राच्या उजेडात माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "तूं कोणालो रे?"

मी घर सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आरोंद्याच्या बायेचो भाचो तूं."

मी म्हटलं, आमचं त्यांचं येणं-जाणं नाही.

"कित्याक?"

मी कारण सांगितलं. म्हाताऱ्याने विडी विझवली आणि पुढचं बोलला ते मी माझ्या भाषेत लिहितो.

त्यासाठी ते दिवस डोळ्यांसमोर आणावे लागतील. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड अफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला आणि ते पकडले गेले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला देशभरातून हजारो सत्याग्रही सीमेवर आले. ठिकठिकाणी गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसं गेली. पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल आपल्या पेडण्यातच, पत्रादेवीला पडले. त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी घट्ट केली. रेल्वे बंद, माल बंद, जाण्या-येण्याला परवाना. पोर्तुगीजांनी मग हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा आणून दुकानं भरली. नाकेबंदी म्हटलं की लोक त्या बटाट्यांच्या गमती सांगतात. पण आमच्या काठावर नाकेबंदी म्हणजे ही नदी. दिवसा समोरच्या काठावर आपलीच माणसं धुणं धुताना दिसायची आणि त्यांच्याकडे जायला कागद लागायचा. मयताला कोण कागदाची वाट बघणार? इकडे पोर्तुगीज शिपाई, तिकडे भारतीय पोलीस, दोघांनाही रात्री होडी दिसली की संशय.

आजोबा गेल्याचा निरोप आत्याला मासे मारणाऱ्यांकडून दुसऱ्या दिवशी कळला. ती नवऱ्याला घेऊन संध्याकाळी आरोंद्याच्या काठावर आली. हा मामा तेव्हा तारी होता, इकडचा, पण रात्री चोरून दोन्हीकडे जायचा. तिने त्याच्यापुढे हात जोडले. मध्यरात्रीनंतर त्याने तिला होडीत घेतलं. अर्ध्या नदीत आले तोच इकडच्या काठावर शिपायांच्या बॅटऱ्या हलल्या. होडी मागे फिरवावी लागली. दुसऱ्या रात्री पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा बंदुकीचा बार ऐकू आला. त्यांच्यावर झाडला की हवेत, कोण जाणे. तिसऱ्या रात्री तारी म्हणाला, बाये, माझी पोरं लहान आहेत. ती काही बोलली नाही. काठावर बसून राहिली. पहाटे तिने एक गाठोडं त्याच्या हातात दिलं. कोरा पंचा, त्यात पायलीभर तांदूळ, पाच नारळ. बाराव्याच्या आत घरी पोचव म्हणाली.

"आनी हांवें पावयलें," म्हातारा म्हणाला. "पयल्या कोंब्याक. तुळशीकडेन दवरलें आनी पळालों." कोणाचं म्हणून सांगितलं असतं तर बोभाटा झाला असता, आणि नदी ओलांडल्याबद्दल त्याला आत टाकलं असतं. मुक्तीनंतर त्याला वाटलं, बाईने आता सांगितलं असेलच.

रात्रभर मला झोप आली नाही. सकाळी चाकांत हातपंपाने हवा भरून घरी गेलो आणि प्रथम आईला विचारलं. ती चुलीशी होती. म्हणाली, "होय, आलं होतं गाठोडं. तुळशीपाशी. कोणी ठेवलं ते कळलंच नाही. आम्हाला वाटलं, नाव न सांगता देणारा कोणी कुळकार. त्या तांदळाचाच भात पिंडांना घेतला." पंचा तिने पेटीत ठेवून दिला होता. काढून दाखवला. कडेला आरोंद्याच्या घराची खूण म्हणून लाल दोऱ्याची टीप होती. सगळ्या कपड्यांना ते तशीच घालत, हे तिला मागाहून आठवलं.

बावीस वर्षं आमच्या घरच्या खतावणीत आत्याच्या नावावर येणं दिसत होतं. खरं तर ती रक्कम तिने तेव्हाच भरली होती. पावती आमच्याच पेटीत होती, कोणी उघडून बघितली नाही.

बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बागेत निघून गेले. त्यांनी तीन आठवडे तो विषय काढला नाही. मला वाटलं, पटलं नसेल. मग पावसाच्या तोंडावर एका सकाळी म्हणाले, "तुझ्या त्या दोस्ताची जीप मोकळी आहे का?"

दोस्ताने आम्हाला किरणपाण्याला सोडलं. तिथून होडीने आरोंद्याला. बाबांच्या काखेत तो पंचा होता. आत्या पडवीत काजूबिया निवडत बसली होती. तिने वर बघितलं. बाबांनी पंचा तिच्यासमोर ठेवला. ते काही बोलले नाहीत, तीही नाही. थोड्या वेळाने ती उठली आणि आतल्या दाराशी जाऊन म्हणाली, "जेवून जाणार मा?"

बाबा म्हणाले, "होय."

मी नंतर तिला विचारलं, १९६२ मध्ये पायरीवर का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही, बोल लावला." यावर माझ्याजवळ आजही उत्तर नाही. त्या वर्षीच्या चवथीला ती हरमलला आली आणि पुढे जिवंत असेतोवर दरवर्षी येत राहिली. बाबा गेले तेव्हा सर्वांच्या आधी तीच पोचली.

मामा कधीच गेला. त्याला त्या वर्षी नवीन जाळ्यासाठी कर्ज मिळावं म्हणून मी फॉर्म भरायला बसवलं होतं. जामीन कोण, विचारल्यावर म्हणाला, नदी. मी माझ्या खिशातून जाळं घेऊन दिलं, ते त्याने मासे देऊन फेडलं. दोस्त २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. ती जीप त्याने कितीतरी आधीच विकली होती.

आता किरणपाणी-आरोंदा पूल झाला आहे. पाच मिनिटांत माणूस पलीकडे. मोपाच्या सड्यावर विमानं उतरतात. नातवाला निघताना मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे आणि ती बरीच आहे. नदीकाठी गाडी बांधाच्या वरच ठेव. दुसरी, तिथीला पाऊणपट. त्याने मोबाईलवर भरतीची वेळ काढून ताडून बघितली. वीस मिनिटांचा फरक निघाला. तो म्हणाला, "आजोबा, जमतंय की." रात्री मला त्याचा फोटो आला. तंबू, खुर्च्या आणि मागे पलीकडचे दिवे. मी त्याला लिहिलं, ते दिवे आरोंद्याचे, तुझ्या पणजोबांच्या बहिणीच्या गावचे.

पंचा आता माझ्याकडे आहे. विटला आहे, पण लाल टीप दिसते.

मंडळी, १९५५ ते ६१ मध्ये तुमच्या घरातलं कोण पलीकडे अडकलं होतं, कोणाचं लग्न, कोणाचं मयत चुकलं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून ठेवा. सत्याग्रहींची नावं स्मारकांवर आहेत, ती असायलाच हवीत. पण काठावर रात्रभर बसून राहिलेल्या बायकांची नावं आपल्याशिवाय कोण लिहिणार? आणि घरात कोणाविषयी जुना राग असेल तर एकदा पेटी उघडून बघा.